भुंग्याचे डोळे

रेणूचं ठरलेलं लग्न मोडलं, त्या वर्षीची ही गोष्ट. गणपती जाऊन थोडेच दिवस झाले होते. पेणला आमच्या आळीत तेव्हा वेगळीच शांतता असते. मूर्तींच्या कारखान्यांतल्या फळ्या रिकाम्या, साचे पालथे घातलेले आणि जिकडेतिकडे पांढरी धूळ. उन्हात ती नुसती तरंगत राहते, खाली बसत नाही. अशा एका दुपारी रेणू एस.टी.तून उतरून घरी आली. एका हातात बॅग, काखेत एक खोका.

"आत्या, लग्नाचं कोणी काही विचारायचं नाही," ती ओट्यावर बसत म्हणाली. "त्यापेक्षा आपण युद्ध करू."

तिने खोका माझ्यापुढे उपडा केला. आतून बोटभर उंचीची माणसं पडली. राखाडी प्लास्टिकची, रंग न दिलेली. कोणाला शिंगं, कोणाला पंख, एकाच्या हातात स्वतःपेक्षा मोठी कुऱ्हाड. पुण्याला ती नि तिच्या मैत्रिणी टेबलावर डोंगर-दऱ्या मांडून या माणसांच्या लढाया लावत, असं तिने मला सांगितलं. प्रत्येकीची एक टोळी. आज झालेली लढाई उद्या विसरायची नाही. आज जो लंगडा झाला तो उद्याच्या लढाईतही लंगडाच. अशा लढायांमागून लढाया, महिनोन् महिने.

मला ते आवडलं. मी म्हटलं, हे आपल्या घरासारखंच आहे.

रेणू हसली. घरी आल्यापासून पहिल्यांदा हसली. तिला ठाऊक होतं मी काय म्हणतेय ते.

रेणू माझ्या धाकट्या भावाची, मोरूची मुलगी. मोरूचा कारखाना आणि थोरल्या दत्तारामचा, म्हणजे आमच्या दादाचा कारखाना, एकाच छपराखाली होते. मधे पत्र्याची आडभिंत. माझे यजमान गेल्यावर मी माहेरी आले, तेव्हा ती भिंत नव्हती. दादाची बायको आधीच गेलेली. मी त्याच्याकडे राहून रांधत होते आणि चहा दोन्हीकडे देत होते. भिंत आली ती एका गणपतीच्या आदल्या आठवड्यात. दादाला ताप भरला होता, मूर्ती न्यायला माणसं येऊन बसली होती आणि दादाच्या मूर्तींचे डोळे राहिले होते. आमच्यात डोळे काढण्याला आखणी म्हणतात. ती सगळ्यांत शेवटी होते आणि ती झाली की मूर्ती मूर्ती होते. तोवर ती माती. दादाच्या आखणीसाठी लोक लांबून येत. त्या दिवशी ती मोरूने केली. करता करता कोणाला तरी म्हणाला, दादाचा हात आता हलतो. दादा आतल्या खोलीत पडून ऐकत होता.

"माझ्या गणपतींना परके डोळे दिलेस," एवढंच दादा म्हणाला. ताप उतरल्यावर त्याने पत्रे आणले.

तेव्हापासून दोघांचं बोलणं माझ्यातून चाले. दादा म्हणायचा, अंबे, मोरूला सांग नळ वाहतोय. मोरू तिथेच उभा असायचा. तो नळ बंद करून म्हणायचा, ताई, दादाला सांग बंद केला. अशी किती वर्षं गेली ते आम्ही मोजणं सोडलं होतं.

रेणूने दोघांना ओट्यावर कसं बसवलं, ते तिचं तिलाच माहीत. ओटा दोन्ही कारखान्यांच्या पुढून जातो, तो कोणाच्याच बाजूचा नाही. तिथे तिने मूर्ती वाळवायची मोठी फळी टाकली. तिच्यावर जुने मोडके साचे पालथे घातले. गणपतीच्या पोटाचा साचा पालथा घातला की चांगला डोंगर होतो, हे मला तेव्हा कळलं. सोंडेच्या साच्याची लांब वळणाची खिंड झाली. कानांचे साचे उताणे ठेवून त्यांत पाणी भरलं, ती तळी. मधोमध उंचावर एक बुरूज. जो बुरूज राखील, त्याचा सगळा देश. रेणूने त्याला नाव दिलं, सोंडेपलीकडचा देश. वर निळी ताडपत्री होती, तिच्यातून ऊन निळं होऊन खाली उतरायचं आणि त्या देशात दुपारीही पहाटच असायची.

प्लास्टिकची माणसं मात्र दादाने हातात घेऊन परत ठेवली.

"हे पाण्यात विरत नाही," तो रेणूला म्हणाला. "मेलं तर घालायचं कुठे?"

रेणूने सांगितलं की मेलेला परत खोक्यात जातो आणि पुढे कधीतरी दुसऱ्या नावाने येतो. दादाला ते पटलं नाही. ज्याचे डोळे उघडले तो मेला तर पाण्यातच गेला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. आणि मोरूने, जो दादाच्या कुठल्याच गोष्टीला मान हलवत नसे, त्याने मान हलवली. मग दोघांनी शाडूची माणसं केली. आपापल्या बाजूला बसून. मी अंगणातल्या तगरीच्या झाडाखाली एक बादली पाण्याने भरून ठेवली. रेणू कपाळाला हात लावून म्हणाली, जगात हा खेळ असा कोणी खेळत नसेल.

मोरूची टोळी यक्षांची होती. बारीक, हसऱ्या, कंदील घेतलेल्या यक्षांची. त्यांचा म्होरक्या भुंगा. त्याला पाठीवर भुंग्यासारखे पंख होते आणि डोळे असे की आपल्याकडे पाहतोय असं वाटावं. दादाचे होते मिठागरातले राक्षस, रुंद, काळे, खांद्यावर मीठ चढलेले. त्या सगळ्यांनी मुंडाशी नाकापर्यंत ओढून घेतली होती.

"ताई, दादाला विचार," मोरू म्हणाला, "त्याच्या राक्षसांना डोळेच नाहीत, तर ते मरायचे कसे?"

"त्याला सांग, आहेत. मुंडाशाखाली आहेत."

"उचलून दाखव म्हणावं."

"त्याला सांग, राक्षसाचं मुंडासं उचलणारा अजून जन्माला यायचाय."

मी दोन्हीकडे तोंड फिरवून सांगत गेले, जसं नळाचं सांगत होते. पण या बोलण्याची चव वेगळी होती. रेणूने पदराआड तोंड लपवावं तशी ओढणी तोंडावर घेतली होती.

पहिल्या दोन-तीन लढाया रेणूने चालवल्या. मग तिला पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं. जाताना तिने सगळे नियम मोठ्या अक्षरांत लिहून माझ्या हाती दिले आणि म्हणाली, आता देश तू चालव. मी घाबरले. मी अक्षर शिकले ती यजमान गेल्यानंतर, शाळेत संध्याकाळी बायकांचा वर्ग भरायचा तिथे. एकेक अक्षर बोटाने धरून वाचते. पण दोघा भावांना तेच बरं वाटलं. एकाने वाचलं तर दुसऱ्याचा विश्वास नाही, आणि मी इतकी सावकाश वाचते की मधलं काही गाळलं असं कोणी म्हणू शकत नाही.

तर मी देश चालवू लागले. दुपारचं जेवण झालं की आम्ही ओट्यावर बसायचो. चाल मोजायला एक काडी होती, फासा माझ्या हातात. राक्षस खिंडीतून यायचे, यक्ष डोंगरावर कंदील लावून बसायचे. तळ्याकाठी गाठ पडायची. लढाईत पडला तो मेलाच असं नसे. लढाई संपली की पडलेल्या प्रत्येकासाठी मी फासा टाकायची. एक पडला तर मेला. दोन-तीन पडले तर जखम राहायची, चार-पाच पडले तर सुखरूप उठायचा. सहा पडले तर तो आधीपेक्षा शूर होऊन उठायचा. जो मेला त्याला मी तगरीखाली नेऊन बादलीत सोडायची. बुडबुडे यायचे, रंग सुटायचा, मग खांदे गळायचे. यक्ष काय, राक्षस काय, खाली एकच मऊ गाळ. नवा गडी करायचा झाला की दादाही त्याच बादलीतली माती घ्यायचा आणि मोरूही. दिवाळीपर्यंत कोणत्या टोळीत कोणाची माती आहे, ते सांगता आलं नसतं.

मला तेव्हा दुपारी डोळा लागला की तोच देश दिसायचा. मी अनवाणी सोंडेच्या खिंडीतून चालत असायची. भिंती ओल्या, थंड. पुढे कोणीतरी कंदील घेऊन जायचं, मागून जड पावलं यायची आणि मला भीती वाटायची नाही, कारण दोघं ओळखीचे होते. जागी झाले की तळव्यांना माती लागलीय का ते मी बघायची.

पण हे सगळं संपणार होतं. मोरूने ठरवलं होतं की दिवाळीनंतर नाशिकला जायचं. त्याच्या मेहुण्याचा तिथे मूर्तींचा धंदा होता, त्याला जाणता माणूस हवा होता. इथल्या अर्ध्या कारखान्याला कुलूप लागणार. मोरूने ते मला सांगितलं, मी दादाला सांगितलं. दादा तांब्या उचलून पाणी प्यायला आणि म्हणाला, "त्याला सांग, जाताना पत्रा हलवू नको. धूळ इकडे येते."

मला बाकी काही नको होतं. मोरूने जावं, राहावं, त्याचं तो बघेल. जाण्याआधी दादाने त्याच्याशी, माझ्या तोंडून नव्हे, एक शब्द बोलावा, एवढंच मला हवं होतं. देवापुढे बसले तरी तेच मागायची आणि फासा टाकतानाही तेच.

शेवटची लढाई बुरुजाची. मोरूचे साचे तोवर पोत्यांत भरून झाले होते. भुंगा बुरुजावर एकटा होता, बाकीचे यक्ष खाली पडलेले. दादाचे दोन राक्षस डोंगर चढून आले. भुंग्याने एकाला पाडलं. दुसऱ्याने त्याला. मोरूने ओठ दाबून धरले. मी फासा घेतला, मुठीत जरा वेळ धरला आणि टाकला.

पाच. जखमही नाही. भुंगा वाचला.

मोरूने मोठ्याने श्वास सोडला आणि त्याला उचलायला हात पुढे केला. बाही बुरुजाला अडकली. भुंगा डोंगरावरून घरंगळत ओट्याच्या कडेला आला आणि खाली फरशीवर पडला. मान एकीकडे, धड एकीकडे. डोळे वर, आमच्याकडे.

"ताई, फासा पाच म्हणाला," मोरू म्हणाला. "भुंगा जिवंत आहे. मी सांधतो त्याला."

"अंबे, त्याला सांग," दादा माझ्याकडे बघत म्हणाला, "डोळे उघडलेली मूर्ती भंगली की सांधत नाहीत. बाबांनी दोघांना एकाच दिवशी शिकवलंय."

"दादाला सांग, हा गणपती नाही. खेळ आहे."

"त्याला विचार, मग बादली कशाला भरली? इतके दिवस पाण्यात घातले ते कोण होते?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. देश माझा होता, निवाडा माझा. रेणूच्या नियमांत लिहिलेलं की फाशाचं म्हणणं शेवटचं. आमच्या धंद्यात पाण्याचं म्हणणं शेवटचं. दोन्ही मला पाठ होतं.

मोरूच उठला. "घाल पाण्यात, ताई," तो म्हणाला. "नाहीतरी आता कुठे खेळायचंय." आणि तो आत पोती बांधायला गेला.

मी भुंग्याचे दोन तुकडे ओंजळीत घेऊन तगरीपर्यंत गेले. पाण्यात आभाळ दिसत होतं. मला हात सोडवेना. परत आले, रेणूचे कागद उलगडले, एका ओळीवर बोट ठेवलं आणि दादाला म्हटलं, "ही ओळ मला लागत नाही. उद्या सकाळच्या उजेडात वाचून सांगते."

"तुला सगळं उद्याच वाचता येतं," दादा म्हणाला. मी तुकडे एका बशीत घालून ओट्याच्या कोनाड्यात ठेवले.

सकाळी उठून पाहते तर बशी रिकामी.

मी तगरीखाली धावले. बादलीत कोपरापर्यंत हात घालून गाळ चाचपला. सगळं मऊ. टणक असं हाताला काही लागेना, आणि विरून गेला असेल तर लागणार तरी काय. तशीच ओल्या हाताने आत गेले.

दादा त्याच्या पाटावर बसला होता. काचेच्या कौलातून उजेडाचा एकच पट्टा येतो, तो बरोबर त्याच्या मांडीवर पडतो. त्या पट्ट्यात भुंगा उभा होता. मान बसवलेली, आत बांबूची खिळी घालून, सांध्यावर ओला शाडू फिरवून. पंख होते, कंदील होता. डोळे नव्हते. दादाने अंगाचाच रंग त्यांच्यावरून फिरवला होता. तोंड अंड्यासारखं कोरं.

"हे काय केलंस?" मी विचारलं.

"मिटले."

"आपल्यात असं कोणी करत नाही."

"नाही करत," दादा म्हणाला. त्याने सांध्यावर हळूच फुंकर घातली. "डोळे नाहीत म्हणजे अजून माती आहे. माती सांधली तर काय बिघडतं?"

त्याचा उजवा हात गुडघ्यावर होता. तो हलत होता. वाऱ्याने पान हलावं तसा, दादाला न विचारता. त्याच्या मागे फळीवर राक्षस ओळीने उभे होते, मुंडाशी नाकापर्यंत ओढलेली. त्या वर्षी त्याने बहुतेक गणपती पांढरेच विकले होते. रंगवायला वेळ नाही म्हणाला होता. मी तिथेच उभी राहिले. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दादा उठला. डब्यातून सगळ्यांत बारीक कुंचला घेतला, काळ्या रंगाची वाटी घेतली, भुंग्याला तळव्यावर ठेवलं. मला वाटलं आता हाक मारील, अंबे, हे मोरूला नेऊन दे. तो माझ्या बाजूने निघून गेला. ओट्यावर आला, देशाच्या कडेने चालत पलीकडे गेला आणि मोरूच्या दारात उभा राहिला. मी मागे.

मोरू पोत्याचं तोंड शिवत होता. दाभण हातातच राहिला.

दादाने भुंग्याला त्याच्या पाटावर ठेवलं. शेजारी वाटी, वाटीवर कुंचला.

"आखणी तू कर," दादा म्हणाला. "माझा हात हलतो."

मोरूने सवयीने माझ्याकडे पाहिलं, मी निरोप सांगावा म्हणून. मी बाहेर बघत राहिले.

मग तो उठला. मोरीवर जाऊन हात धुतले, पंच्याला पुसले. पाटावर बसला. भुंग्याला डाव्या हाताच्या दोन बोटांत धरलं, कुंचला रंगात टेकवला, टोक जिभेवर सरळ केलं आणि श्वास धरला. आळीत कुठेतरी रेडिओ लागला होता, तोही त्या वेळी थांबल्यासारखा वाटला. एक रेघ, दुसरी रेघ. मग दोन ठिपके.

भुंगा बघायला लागला. पण तो आता आपल्याकडे बघत नव्हता. नजर जराशी खाली होती, डावीकडे कललेली, कोणीतरी पायाशी बसून काही सांगतंय आणि तो ऐकतोय अशी. असे डोळे पेणमध्ये एकच माणूस काढायचा.

दादा वाकला. खूप वेळ पाहत होता.

"हे माझे आहेत," तो म्हणाला.

"तेव्हाही तुझेच काढले होते, दादा," मोरू म्हणाला. "मला दुसरे साधतच नाहीत. भुंग्याचे आधीचे बघितलेस ना, कसे बटबटीत होते."

दादा शेजारच्या पोत्यावर बसला. त्याने पोत्याची शिवण बोटाने चाचपली आणि म्हणाला, "हे असं बांधलंस तर साच्यांचे कोपरे उडतील. काथ्या घाल मधे." मोरू म्हणाला, घालतो. मग ते दोघं काथ्या घालत बसले. मी चहा टाकला. त्या दिवशी एकाच ठिकाणी नेला.

मोरू दिवाळीनंतर नाशिकला गेला, ठरल्याप्रमाणे. जाताना दोघांनी मिळून पत्रा काढला, आणि धूळ सगळीकडे गेली. बुरुजाचा निकाल लागायचा राहिला, तो राहिलाच. पुढे दर वर्षी आषाढ सरत आला की मोरू येऊन राहायचा आणि दादाच्या गणपतींची आखणी करायचा. दादा शेजारी बसून रंगाची वाटी धरायचा. पांढरी मूर्ती मग आमच्याकडून गेली नाही. रेणूने तिच्या मनासारखं लग्न केलं. भुंगा देव्हाऱ्याच्या बाजूला कोनाड्यात असे आणि मी दिवा लावला की त्याच्या कंदिलावर उजेड पडे.

दादा त्यानंतर तिसऱ्या वर्षी मार्गशीर्षात गेला, सकाळच्या वेळी. मोरू आदल्या दिवशी आला होता. डोळे त्याने मिटले.